जर्मनीचं ब्ल्यू कार्ड की नेदरलँड्सचा 'केनिसमिग्रांट' परवाना?

दोन्ही परवाने कुशल परदेशी नोकरदारांसाठीचे. आधी पगार बघा, बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच मिटतो. २०२५ साली ब्ल्यू कार्डाला वर्षाला ४८,३०० युरो लागत, आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रात सुमारे ४३,७६०. नेदरलँड्सला तिशीपुढच्या माणसाकडून महिन्याला ५,६८८ हवे होते, तेही सुट्टीभत्ता सोडून. तिशीच्या आत ४,१७१. पस्तिशीत ५५ हजारांची ऑफर आली असेल तर पुढचं वाचूही नका, जर्मनीची बॅग भरा.

जर्मनीची बाजू खरोखर भक्कम आहे. बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना, प्राथमिक ए-वनवर २७. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं, वर डच परीक्षा. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात घासून आलेल्यांना हा सौदा सोडवणार नाही. जोडीदाराला नोकरीची मुभा दोन्हीकडे लगेच, तिथे बरोबरी.

मीही असंच बोटं मोजून जर्मनीत गेलो. डिग्री 'अनाबिन'च्या, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत सापडली, व्हिसा मिळाला, सगळं सुरळीत. मग प्रत्यक्ष कार्डासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट हवी, आणि ती काही मिळेना. व्हिसा संपायला आला तेव्हा हातात पडला 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग', म्हणजे 'अर्ज विचाराधीन आहे, तोवर याला राहू द्या' असं सांगणारा घडीचा कागद. त्यावर चौकटी असतात. कलम ८१ परिच्छेद ४ पुढे फुली असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, परिच्छेद ३ पुढे असेल तर नाही. माझी फुली योग्य चौकटीत होती, म्हणून धाकट्या बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेलो.

परतताना मुंबईच्या काउंटरवर रात्री दोन वाजता तो कागद उलगडला. मुलीनं पासपोर्टातला संपलेला व्हिसा पाहिला, कागद पाहिला, सुपरवायझरला बोलावलं. त्यानं कुठेतरी फोन लावला. मी फुलीवर बोट ठेवून उभा, बायको भाजणीच्या पिशव्या सांभाळत बाजूला. चाळीस मिनिटांनी सोडलं. चूक कुणाचीच नव्हती, पण घरी जायचं म्हटलं की पोटात गोळा यायला लागला. कार्ड मिळेपर्यंत आठ महिने गेले.

पुढे नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनची ऑफर आली. अर्ज कंपनीनंच केला, डिग्री कुणी विचारली नाही, बाराव्या दिवशी निर्णय. एक्स्पॅट सेंटरमध्ये एकाच सकाळी बोटांचे ठसे आणि नगरपालिकेची नोंदणी. मला तर काहीतरी राहून गेलंय असंच वाटत होतं.

तोटे आहेतच. परवान्यासाठी अर्ज मान्यताप्राप्त कंपनीलाच करता येतो, त्यामुळे नोकरी बदलताना छोट्या कंपन्या आपोआप गळतात. घर मिळणं म्हणजे दुसरी नोकरीच. आणि पगारातल्या ३० टक्के करमाफीच्या भरवशावर गणित मांडू नका: २०२७ पासून ती २७ होणार आहे, आणि मिळते फक्त पाच वर्षं.

सगळ्यांना माझ्यासारखा अनुभव येतो असं नाही. गावागणिक कार्यालयं वेगळी, माझा एक मित्र दुसऱ्या शहरात सहा आठवड्यांत कार्ड घेऊन बसला होता. म्हणून जर्मनीची ऑफर असेल तर सही करण्याआधी एचआरला विचारा: ऑफिस कुठल्या शहरात, आणि अपॉइंटमेंट कंपनी घेते की आपण? 'तुम्हीच घ्या' असं उत्तर आलं, तर मी आइंडहोवेनकडे बघेन.