उजनीकाठच्या मासेमारांनो, 'ऑल महाराष्ट्र फिशिंग लायसन'च्या नावानं कुणालाच पैसे देऊ नका

उजनीच्या काठानं राहणाऱ्या मासेमार भावांनी आणि त्यांच्या शिकलेल्या पोरापोरींनी हे पूर्ण वाचा, मोठं झालंय पण वाचा. करमाळा, माढा भागात एक माणूस 'पाच वर्षांचं ऑल महाराष्ट्र फिशिंग लायसन' म्हणून कार्ड काढून देत फिरतोय. ते कार्ड खोटं आहे. माझ्या आतेभावाचे, म्हणजे आमच्या अण्णाचे, त्यात साडेसहा हजार गेले आणि वरनं अंगठ्यावर बँकेतले दहा हजार काढले ते वेगळेच.

अण्णा करमाळा तालुक्यात बॅकवॉटरला असतो. जमीन धरणात गेली तेव्हापासून घर सगळं मासळीवर चाललंय. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, त्यामुळं मत्स्यव्यवसायचं ऑफिस, बँक, पोलीस ही पळापळ माझ्याकडं आली, आणि त्या पळापळीत लायसन म्हणजे नेमकं काय आणि पैसे कशाला लागतात कशाला नाही हे जे कळलं ते इथं लिहितोय.

उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये होतं, म्हणजे पाणी पार तळाला गेलेलं, मासळी कमी, हातात पैसा कमी, नेमका तेव्हा हा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि अंगठा घ्यायचं मशीन. बोलायला एकदम गोड, मोठ्यांना काका, बायकांना मावशी. म्हणला केंद्राचा नवीन नियम आलाय, कार्ड नसेल त्याची होडी आणि जाळी जप्त होणार, आणि आता मासेमारीला शेतीचा दर्जा मिळालाय म्हणून शेतकऱ्याचे सगळे फायदे ह्याच कार्डावर मिळणार. आता शेतीच्या दर्जाची गोष्ट खरी आहे, एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो निर्णय घेतला, आणि अण्णानं ती बातमी ऐकलेली. ह्या लोकांची पद्धतच अशी आहे, एक खरी बातमी घ्यायची आणि तिच्या पाठीवर चार खोट्या गोष्टी बसवायच्या.

साडेसहा हजाराचा हिशोब त्यानं कागदावर लिहून दिला होता, तो कागद माझ्याकडं आहे. लायसन फी दीड हजार, ऑनलाइन नोंदणी पाचशे, विम्याचा हप्ता एक हजार, किसान क्रेडिट कार्डाची फाइल दीड हजार आणि पाण्यात मासे वाढवायच्या पिंजऱ्याच्या सबसिडीचं मार्जिन दोन हजार. हे एकेक करून बघू, कारण सगळी लबाडी ह्या यादीतच आहे.

ऑनलाइन नोंदणी म्हणजे केंद्राचा नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला. ह्याची नोंदणी फुकट आहे. स्वतः करा नाहीतर सीएससी सेंटरवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रावर करा, सरकार मासेमाराकडनं ह्याचे पैसे घेत नाही. आणि हे नीट वाचा, अण्णाची ही नोंदणी त्या माणसानं खरंच केलेली होती! चार गोष्टी खोट्या आणि ही एक खरी, म्हणूनच गावात कुणाला संशय आला नाही, सगळ्यांनी मोबाइलवर आपलं नाव बघितलं ना. पण नोंदणीत मोबाइल नंबर त्यानं स्वतःचा टाकला होता. म्हणजे उद्या काय मंजूर झालं तर मेसेज त्याला जाणार, ओटीपी त्याला जाणार. तुमची अशी कुणी नोंदणी केली असेल तर आधी तो नंबर तपासा.

विमा. मासेमारांच्या गट अपघात विम्याचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, मासेमाराला त्यात एक रुपया भरायचा नसतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख आणि अपघातात दवाखान्यात ॲडमिट झालं तर २५ हजारांपर्यंत. इतकी चांगली सोय फुकट आहे आणि हा माणूस तिचे हजार रुपये घेऊन गेला, विमा तर काढलाच नाही. अण्णा रात्री पाण्यात असतो, वारं सुटलं की उजनीत होडी उलटायला वेळ लागत नाही, आपला विमा आहे ह्या भरवशावर तो जात होता. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आलाय, पैशाचा नंतर.

किसान क्रेडिट कार्ड मासेमाराला मिळतं, २०१८-१९ पासून मिळतं, पण ते बँक देते. अर्ज बँकेत, कागद बँकेत, बँकेचा काही चार्ज असलाच तर तो बँकेच्या पावतीवर. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती आणि मासेमारीसारख्या जोडधंद्याच्या कर्जाला तारण लागत नाही. बाहेरच्या माणसाला 'फाइल'चे पैसे कशाला द्यायचे?

आणि सबसिडी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत जलाशयातल्या एका पिंजऱ्याचा खर्च ३ लाख धरलाय, त्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. म्हणजे १ लाख २० हजार किंवा १ लाख ८० हजार, बाकी आपण घालायचे. मंजुरी आल्यावर काम होतं, ते तपासलं जातं आणि पैसे थेट आपल्या बँक खात्यात. कार्ड काढताना दोन हजार दिले म्हणून पिंजरा येतो असं कुठंच नाही. अण्णाला नंतर फोन आला की 'तुमची सबसिडी पास झाली, बारा हजार भरा, नाहीतर नाव कॅन्सल', तेव्हा वहिनीनं मला फोन केला आणि हे सगळं बाहेर आलं. वहिनी फक्त एवढंच म्हणल्या, "सरकार आपल्याला पैशे देणार हाय तर आधी आपल्याकडनंच का मागतंय?"

राहिली लायसन फी. त्या कार्डावर अशोकस्तंभ आहे, फोटो आहे, क्यूआर कोड आहे. कोड स्कॅन केला तर त्याच कार्डाचा फोटो उघडतो, दुसरं काही नाही. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय 'महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ नुसार'. हा कायदा समुद्राचा आहे, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्याचा. आपल्या भीमेला, उजनीला, तळ्यांना तो लागत नाही, गोड्या पाण्याला महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० आहे. ऑफिसातल्या साहेबांनी कार्ड हातात घेतलं आणि पहिलं बोट त्या ओळीवरच ठेवलं.

दुसरं, अख्ख्या महाराष्ट्रात कुठंही जाळं टाकायला चालेल असं एकच कार्ड गोड्या पाण्यात नसतं. परवाना त्या त्या जलाशयाचा असतो, आणि लहान तलाव तर मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तिथं मासे धरायचे म्हणजे त्या संस्थेचा सभासद पाहिजे नाहीतर त्यांची परवानगी पाहिजे. दुसऱ्याच्या ठेक्याच्या तलावात हे कार्ड घेऊन गेलात तर भांडणं होतील. परवाना असला म्हणून वडापनं, म्हणजे बारीक आसाच्या ओढायच्या जाळ्यानं, बारीक मासळी ओढायची मुभा मिळत नाही हेही सांगतो, कारण तो माणूस 'ह्या कार्डावर कुठलीही जाळी चालते' असं सांगत फिरत होता.

फी किती हा आकडा मुद्दाम टाकत नाही. 'दर वाढलाय, नवीन जीआर आलाय' हेच सांगून हे लोक पैसे वाढवतात, त्यामुळं मोबाइलवर फिरणाऱ्या आकड्यावर कुणी जाऊ नका. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जायचं, त्या दिवशीचा दर विचारायचा, आणि पैसे दिले की ऑफिसची पावती नाहीतर ग्रासचं, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पैसे भरायच्या सोयीचं, चलन घ्यायचं. ग्रासच्या चलनावर जीआरएन नंबर असतो, तो सरकारच्या महाकोष साइटवर तपासता येतो. कुणाच्या खाजगी फोनपे नंबरवर सरकारी फी जात नाही. अण्णाचे चार हजार फोनपेनं गेले, अडीच हजार रोख, आणि पावती म्हणून तो हातानं लिहिलेला कागद.

आता अंगठ्याचं, हे तर सगळ्यांनीच वाचा, मासेमार नसला तरी. त्यानं मशीनवर अंगठा घेतला, 'फेल गेलं काका, पुन्हा ठेवा' म्हणला, पुन्हा घेतला. त्यातल्या एका अंगठ्यावर खात्यातनं दहा हजार निघाले. आधारवरनं पैसे काढायची जी सोय आहे, एईपीएस, ती वापरून. बँकेत अण्णाचा जुना बंद पडलेला नंबर होता म्हणून मेसेज आलाच नाही, पासबुक भरून घेतलं तेव्हा दिसलं. आता आम्ही घरातल्या सगळ्यांचं बायोमेट्रिक एमआधार ॲपमधनं लॉक करून टाकलंय, मोबाइल आधारला जोडलेला असेल तर लगेच होतं, रेशनला अंगठा लागतो तेव्हा तात्पुरतं उघडायचं.

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, लगेच, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तरच उपयोग. बँकेलाही लेखी द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानंच पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं तर नुकसान आपल्यावर येत नाही असं आहे. म्हणून बँकेत चालू नंबर असणं किती गरजेचं आहे बघा. आम्ही बँकेत हेच मांडलंय की मेसेज पोचलाच नाही, त्याचं उत्तर अजून यायचंय. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे पूर्वीचं ४२०, तक्रार दिलीय.

त्या माणसाचा फोटो टाका म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं, फोटो आणि फोनपेचा नंबर पोलिसांकडं दिलाय, इथं टाकणार नाही. पण अण्णाच्या गावातच आणखी लोकांकडं ही कार्डं आहेत आणि लाजेनं कुणी बोलत नाहीये. लाज वाटायची तर त्या फसवणाऱ्याला वाटू दे. एकट्यानं गेलं की हेलपाटे घालायला लावतात, चार-पाच जणांनी मिळून तक्रार दिली तर वजन पडतं, त्यामुळं ज्यांच्याकडं असं कार्ड आहे त्यांनी मला मेसेज करा, आपण एकत्र जाऊ. कार्ड रागानं फाडून टाकू नका, त्यानं लिहून दिलेला कागद, फोनपेचा स्क्रीनशॉट, त्याच्या कॉलची नोंद, सगळं जपून ठेवा आणि येताना पासबुक भरून आणा.