सात रस्त्याकडच्या कौन्सेलर मॅडम: 4 स्टार

आई घरातच होती की, जेवण कपडे शाळा सगळं टायमावर, पण मी रडलो तर वळून बघायची नाही, मग याला ट्रॉमा कसं म्हणायचं बे असं वाटायचं मला. मॅडमनी पहिल्याच सेशनला बोल्बी म्हणून एक इंग्रज मनाचा डॉक्टर होता त्याचं सांगितलं, 1951 मध्ये डब्ल्यूएचओसाठी रिपोर्ट लिहिला त्यानं, लेकराला नुसतं पोट भरून भागत नाही, मायेचं कायमचं माणूस लागतं. मारलं तरच जखम होते असं नाही, आपलं कोणी नाही हे अंगात मुरतं, म्हणून आता बायकोनं फोन उचलला नाही की छातीत धडधडतंय. सगळ्यांनाच होतं असं नाही म्हणे, एखादी आजी असली तरी पोरगं सावरतं. (माझी पंढरपूरला होती, लांब.) फी 700, वेटिंग लई, एक स्टार त्याचाच कापला.