कॅन्सरचं नवं औषध: बातमीचा रेटा की समितीचा हिशेब?

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात एखादा नातेवाईक मोबाईलवर पेपरचं कात्रण दाखवतो आणि विचारतो, "डॉक्टर, हे फुले योजनेत बसतंय काय?" या सरकारी आरोग्य योजनेतल्या उपचारांची यादी ठरलेली असते. यादीबाहेरचं औषध म्हणजे दागिने मोडा, नाहीतर पै-पाहुण्यांकडं हात पसरा.

यादीत नवं नाव घालायच्या वाटा दोन. बातमीची वाट झपाट्याची. न्यूझीलंडमध्ये कुठल्या औषधावर सरकारी पैसा घालायचा हे फार्मॅक ठरवते. स्तनाच्या कॅन्सरवरच्या हर्सेप्टिनचा तिनं ९ आठवड्यांचाच खर्च मंजूर केला. रुग्ण बायका टीव्हीवर बोलल्या, विषय निवडणुकीत गेला आणि २००८ मध्ये आलेल्या सरकारनं फार्मॅकला वळसा घालून १२ महिन्यांचे पैसे दिले. पुढं ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत ६ महिन्यांचा उपचारही १२ महिन्यांच्या तोडीचा निघाला. (म्हणून ९ आठवडे बरोबर ठरत नाहीत, बरं का.)

समितीची वाट रटाळ. आयुष्य किती वाढतं आणि त्याला पैसे किती पडतात, हे तपासायला केंद्राकडं २०१७ पासून एचटीएइन ही यंत्रणा आहे. अभ्यास चालू असताना आजार मात्र थांबत नाही.

तरी माझा कौल समितीलाच. कॅमेऱ्यापुढं तरुण आई येते. तंबाखूनं जबडा गेलेला गडहिंग्लजकडचा म्हातारा येत नाही. पैसा मात्र दोघांसाठी एकाच थैलीतला. बातमीशिवाय फाईल हलत नाही, हेही कबूल. मग बातमीत औषधाची किंमत आणि वाढणारे महिने शेजारी शेजारी छापा, 'रामबाण' तेवढं वगळा.