पट वाढत चाललेली आमची महापालिका शाळा: एका आईचा अभिप्राय

मुलीला पहिलीत घातलं तेव्हा इथे चौथीपर्यंतच वर्ग होते, तेही एकेका इयत्तेची एकच तुकडी. आता शाळा आठवीपर्यंत आहे, पहिलीच्याच तीन तुकड्या आहेत आणि वर्ग सकाळ-दुपार दोन सत्रांत भरतात. आजूबाजूला इमारती उठत गेल्या, तसा पट वाढत गेला. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि तिचं मूळ शाळेत नाही.

प्रवेशाच्या बाबतीत या शाळेला मी पूर्ण गुण देते. जून असो की जानेवारी, दारात आलेलं मूल परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, चाचणी घ्यायची नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, आणि इथे ते खरोखर पाळलं जातं. बांधकामावरच्या एका कुटुंबातली नऊ वर्षांची मुलगी ऐन डिसेंबरात आली. त्याआधी कधी शाळेत न गेलेली, घरी तेलुगू बोलणारी. तिला चौथीत बसवलं. वर्गाच्या बाई मधल्या सुट्टीनंतर तिला टेबलाशी घेऊन बसायच्या. तिच्याकडून तिच्या भाषेतले शब्द विचारून घेत, कार्डाच्या एका बाजूला ते देवनागरीत लिहीत, दुसऱ्या बाजूला मराठी. वर्ष संपेपर्यंत ती फळ्यावरचं वाचायला लागली होती. हे करताना बाईंसमोर पन्नासहून जास्त मुलं होती, हे विसरू नका.

तक्रार आहे ती नेमकी याच आकड्याची. कायद्याचा हिशोब पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे १ शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे १ असा आहे. पण शिक्षकांची पदं मंजूर होतात संचमान्यतेतून, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीतून, आणि ती ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर. पट स्थिर असलेल्या शाळेला याने काही होत नाही. आमच्यासारख्या शाळेत दिवाळीनंतर आलेली मुलं पुढच्या मोजणीपर्यंत हिशोबातच नसतात, आणि पद मंजूर झालं तरी माणूस येईपर्यंत आणखी वेळ जातो. तोवर चित्रकलेच्या तासाला गणिताचेच सर दोन तुकड्या एकत्र घेऊन बसतात. सर मनापासून शिकवतात, पण मुलीच्या चित्रकलेच्या वहीत वर्षभरात फारसं काही आलं नाही.

दोन सत्रांचाही ताण आहे. सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवं, म्हणजे रोज निव्वळ साडेचार तास. सत्र संपताना पुढच्या सत्राची मुलं फाटकाशी उभीच असतात. प्रयोग अर्धवट राहिला तर तो उद्यावर जातो.

शाळा व्यवस्थापन समिती मात्र इथे कागदापुरती नाही. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका, हा नियमच आहे, मीही आहे. शाळा विकास आराखड्यात इयत्तावार पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक आणि खोल्या लिहायच्या असतात. यंदा आम्ही काही जणींनी नव्या इमारतींत घरोघर जाऊन मुलांची वयं लिहून आणली आणि तो अंदाज त्यावरून मांडला. वाढीव खोल्यांची मागणी त्या यादीसकट गेली आहे. माझ्या मते वाढत्या शाळेने पहिल्या वर्षापासून हेच करायला हवं होतं.

पाचपैकी चार देईन. वरच्या वर्गात घालणार असाल तर गणित-विज्ञानाला विषयशिक्षक आहेत का, ते आधी मुख्याध्यापकांना विचारा. पहिलीसाठी बिनधास्त या, फक्त नाव सप्टेंबर संपायच्या आत नोंदवा, म्हणजे तुमचं मूल त्याच वर्षीच्या मोजणीत येईल.