४८६ ची बॅटरी तोडली, आता तिथे काय बसवायचं?

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या माळ्यावरून ४८६, म्हणजे जुना कॉम्प्युटर, घरी आणलं. झाकण काढलं तर कीबोर्डच्या सॉकेटशेजारी निळी, पिंपासारखी बॅटरी आणि भोवती हिरवट खरपुडी. तीन निकेल-कॅडमियम सेलांचा ३.६ व्होल्टचा जोड तो; मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग्ज जपायला. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि मदरबोर्डच्या लेपाखालून तांब्याच्या रेघा खात सुटतं. म्हणून कटरने पाय तोडून बॅटरी आधी काढा. मग पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा, पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. आमच्या कोल्हापूरच्या जुलैत बोर्ड वाळायला दोन दिवस टेबलफॅन लागला.

तशीच नवी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी लावणं सगळ्यात सोपं. बोर्ड तिला चार्ज करतो, डोकं चालवावं लागत नाही. पण आतला अल्कली तोच. मी लावणार नाही.

सीआर२०३२, म्हणजे नाण्यासारखा चपटा सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, आणि होल्डर लावला की पुढच्या वेळी सोल्डरिंग नको. गोम एकच: बोर्ड चार्जिंगचा करंट ढकलतो आणि हा सेल चार्ज करायचा नसतो, तापून फुटू शकतो. मध्ये डायोड हवाच, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. सेल मुळात ३ व्होल्टचा, त्यात डायोड थोडे खातो, म्हणून काही बोर्डांना कमी पडतं. शॉटकी जातीचा डायोड कमी खातो, पण त्यातून करंट उलटा झिरपतो; त्यातल्या बीएटी८५ मध्ये तो त्रास कमी.

सुपरकॅपॅसिटर, म्हणजे बॅटरीसारखा चार्ज साठवणारा मोठा कॅपॅसिटर, ५.५ व्होल्ट १ फॅरडचा, बोर्डच चार्ज करतो. मशीन रोज लावत असाल तर छान. माझं लागतं सणासुदीला. तोवर तो रिकामा, आणि सेटअपमध्ये हार्डडिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर म्हणजे ९८०, ५, १७ हे आकडे परत हाताने भरायचे.

आता बोर्डाच्या कडेला बाहेरच्या बॅटरीच्या चार पिना शोधा, त्यातली एक बहुधा तोडलेली असते. असतील तर बाकी सगळं विसरा. जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बाहेरच्या बॅटरीच्या जागी न्या, मशीन चालू करून पिनांवर मल्टिमीटर लावा आणि चार्जिंग येत नाही ना ते बघा. तीन पेन्सिल सेलांचा डबा लांब वायरीवर घ्यायचा. गळला तरी पत्र्यावर गळेल.

जाड काळ्या चिपवर डॅलास डीएस१२८७ (ही घड्याळाची चिप) छापलं असेल तर सेल तिच्या पोटातच असतो. तिथे यातलं काहीच सरळ लावता येत नाही, चिप बदलणंच सोपं.

माझ्या बोर्डाला पिना निघाल्या. डबा कॅबिनेटच्या कडेला चिकटवलाय, आणि ते तीन आकडे झाकणाच्या आतून मार्करने लिहून ठेवलेत.