क्लिकर की प्लिकर्स कार्ड?

अंबाजोगाईकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या ताईंनी विचारलं, वर्गात प्रश्न विचारून सगळ्या पोरांची उत्तरं एकदम घ्यायला लोकवर्गणीतून क्लिकर घ्यावेत की प्लिकर्स या मोबाईल ॲपची कार्डं?

खर्चाचं आधी बोलू. क्लिकर म्हणजे प्रत्येक पोराच्या हातात बटण दाबून उत्तर द्यायचं एक यंत्र, शिवाय ती उत्तरं पकडायला संगणकाला लावायचा रिसीव्हर. प्लिकर्सला छापील कागद आणि सरांचा एक मोबाईल पुरतो.

प्लिकर्सच्या कार्डावरची काळी-पांढरी चौकट प्रत्येकाची वेगळी. उत्तर अ, ब, क किंवा ड असेल तशी ती बाजू वर धरायची. मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं काय ते कळतं. कार्डावरची अक्षरं बारीक, म्हणून शेजाऱ्याचं बघून उत्तर देणं अवघड. मागच्या बाकावर बोलायला लाजणारी पोरगीही उत्तर देते, हे मला फार मोलाचं वाटतं. लॅमिनेशन मात्र चकचकीत नको, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा चुकतो.

टिकाऊपणात कार्ड फाटलं तर पुन्हा छापा. क्लिकरचे सेल संपतात, बटणं बिघडतात.

पण कार्डावर फक्त चार पर्याय. आकडा टाइप करून घ्यायचा असेल, किंवा मोठ्या सभागृहात दीडशे मुलं असतील, तर क्लिकरच. लातूरच्या शिकवणी वर्गांना तो परवडेल. ताई, तुमच्या तीस पोरांच्या वर्गाला कार्डंच घ्या.