दुबई की जर्मनी? ठाण्यातून बिऱ्हाड हलवण्याआधी घरखर्चाचा हिशोब

घोडबंदर रोडला आमच्या ओळखीत सध्या दोनच ऑफरची चर्चा असते, एक दुबईची आणि एक जर्मनीची. आणि दोन्ही घरांत पहिलं काम काय होतं तर मोबाईल काढायचा, पगाराला आजच्या रेटने गुणायचं आणि रुपयातला आकडा बघून खूश व्हायचं. प्लीज हे करू नका. तो आकडा तुमच्या हातात कधीच येणार नसतो, आणि आला तरी राहणार नसतो.

आम्ही दुबईत संसार करून ठाण्यात परत आलोय आणि माझा दादा-वहिनी फ्रँकफर्टजवळ राहतात, त्यामुळे दोन्हीकडचा घरखर्च बऱ्यापैकी जवळून बघितलाय. माझं म्हणणं एवढंच की दुबईत पैसे आधी हातात येतात आणि मग एकेक करून जातात, जर्मनीत ते हातात यायच्या आधीच जातात पण त्यातले बरेचसे शाळा, दवाखाना, पेन्शन अशा रूपात घरी परत येतात. म्हणून जास्त कुठे उरतं हे पगारावरून कळत नाही, घरात मुलं किती, केवढी, दोघं नोकरी करणार का आणि किती वर्षांसाठी चाललाय यावर ठरतं.

पगारापासूनच सुरू करू. दुबईत पगारावर इन्कम टॅक्स नाही, २०,००० दिरहम म्हणजे खात्यात २०,००० दिरहम. शिवाय दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर वर गेला की तुमचे रुपयातले पैसे पण वर जातात. ज्यांचा ठाण्यातल्या फ्लॅटचा ईएमआय चालू आहे त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. जर्मनीत ७०,००० युरो वार्षिक पगार घ्या. पेन्शनचे ९.३ टक्के, हेल्थ इन्शुरन्सचे साडेआठच्या आसपास, बेकारी विम्याचे १.३, वर केअर इन्शुरन्स (म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या देखभालीचा विमा), हा सगळा फक्त तुमचा अर्धा वाटा, आणि मग टॅक्स. एकट्या माणसाला महिन्याला ३,६०० युरोच्या आसपास मिळतात. लग्न झालेलं, बायको कमावत नाही आणि टॅक्स क्लास ३ (पगारातून कमी टॅक्स कापला जातो तो गट) असेल तर साधारण ४,०००. आता यात एक बारीक गोष्ट आहे जी निघण्याआधी कोणी सांगत नाही, बायको-मुलं ठाण्यातच असतील तोपर्यंत तुम्ही क्लास १ मध्येच, म्हणजे एकट्या माणसाच्या गटातच असता. लग्नाचं सर्टिफिकेट दाखवून उपयोग नाही, ती तिथे येऊन पत्ता रजिस्टर करेपर्यंत पगार कमीच येतो. त्याच वर्षात ती आली तर नंतर दोघांचं एकत्र रिटर्न भरून फरक परत मागता येतो, पण पहिले काही महिने तो पैसा हातात नसतो, हे धरून चला.

घर. इथेच सगळ्यात जास्त दमछाक होते, दोन्हीकडे.

दुबईत भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकवर देतात, मालक कधी एकच चेक मागतो, कधी दोन, कधी चार, नशीब असेल तर बारा. आमचं चारवर ठरलं होतं. एजंटच्या टेबलावर बसून नवं कोरं चेकबुक उघडायचं आणि एकाच बैठकीत चार चेक लिहायचे, प्रत्येकावर तीन-तीन महिने पुढची तारीख, आणि लिहिताना डोक्यात हेच की या तारखेला खात्यात एवढे असलेच पाहिजेत, कारण तिथे चेक परत जाणं ही साधी गोष्ट नाही. समजा वर्षाचं भाडं ८०,००० दिरहम आहे. पहिला चेक २०,०००, डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ४,००० (फर्निश्ड असेल तर १० टक्के), एजंटचं कमिशन बहुतेक ठिकाणी ५ टक्के म्हणजे अजून ४,०००, वीज-पाण्याच्या डेवाचं डिपॉझिट फ्लॅटला २,०००. झाले ३०,०००, आणि अजून घरात गादी पण नाही. त्यात वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी डेवाच्या बिलातून महिन्या-महिन्याने कापतात, म्हणजे ८०,००० वर दरमहा ३३३ दिरहम, हे बिल बघून नवीन माणूस हमखास विचारतो की एवढी वीज कशी जळली. आणि एसीचं विचारल्याशिवाय घर घेऊच नका. काही बिल्डिंग चिलर फ्री असतात, म्हणजे थंडाव्याचे पैसे वेगळे लागत नाहीत, काहींत डिस्ट्रिक्ट कूलिंगचं, म्हणजे बाहेरच्या कंपनीकडून येणाऱ्या थंडाव्याचं वेगळं बिल येतं आणि त्यात वापराशिवायचा एक ठरलेला चार्ज पण असतो, म्हणजे मे महिन्यात सुट्टीला महिनाभर ठाण्यात येऊन राहिलात तरी तो चालूच.

जर्मनीत भाडं महिन्याचं, चेकची भानगड नाही, पण घर मिळवणं हेच काम होऊन बसतं. मालक शूफाचा रिपोर्ट (तुम्ही बिलं, कर्ज वेळेवर फेडता का हे सांगणारा) मागतो, पगाराच्या तीन स्लिपा मागतो, आणि नवीन आलेल्याकडे दोन्ही नसतात. म्हणून पहिले दोन-तीन महिने कंपनीच्या नाहीतर महागड्या फर्निश्ड घरात जातात. जाहिरातीत दोन आकडे असतात, काल्टमीटे म्हणजे नुसतं घराचं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. बजेट वार्मवरच करा, आणि वीज, इंटरनेट त्याच्याही वर. वीज युनिटला ३५-४० सेंटच्या आसपास पडते. टीव्ही असो नसो घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचा कर भरावाच लागतो. डिपॉझिटला कायद्याने मर्यादा आहे, काल्टमीटेच्या तीनपट, आणि ते तीन समान हप्त्यांत द्यायचा तुमचा हक्क आहे. ब्रोकर मालकाने लावला असेल तर त्याची फी मालकानेच द्यायची असते, २०१५ पासून. म्हणजे पहिल्या दिवसाचा दणका दुबईपेक्षा कमी वाटतो.

पण किचन! दादाने पहिला फ्लॅट घेतला तेव्हा वहिनीने व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवला, किचन म्हणून जी खोली होती तिथे भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले, कोपऱ्यात शेगडीसाठी सोडलेली एक जाड वायर आणि खाली फरशी. ओटा नाही, सिंक नाही, एक कपाट नाही. आईला वाटलं काम चालू आहे. तिथे भाड्याची घरं बऱ्याचदा अशीच मिळतात, किचन भाडेकरूने स्वतःचं बसवायचं आणि जाताना काढून न्यायचं नाहीतर पुढच्याला विकायचं. नवीन बसवायला काही हजार युरो सहज जातात. त्यामुळे जाहिरातीत किचनसकट लिहिलेलं घर महिन्याला थोडं महाग असलं तरी घ्या, तीन वर्षांच्या आत परत यायचं असेल तर डोळे झाकून घ्या. आणि वर्षातून एकदा खर्चाचा हिशोब येतो, थंडीत हीटर जास्त चालला असेल तर फरक भरायचं पत्र येतं, तेव्हा त्यासाठी दर महिन्याला थोडे बाजूला काढून ठेवा.

आता मुलं. माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो.

दुबईत फुकट शाळा तुमच्या-आमच्या मुलांसाठी नाही, सगळ्या खासगी. सीबीएसई शाळा त्यातल्या त्यात परवडतात, काही हजार दिरहमपासून ३०-४० हजारांपर्यंत वर्षाला, शाळेवर आणि इयत्तेवर आहे, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या त्याहून कितीतरी महाग. प्रत्येक शाळेची मंजूर फी केएचडीए या सरकारी खात्याच्या साइटवर इयत्तेनुसार दिसते, ती आधी बघा, आणि त्यात बस, युनिफॉर्म, पुस्तकं धरलेली नसतात. दोन मुलं असतील तर फी आणि बस मिळून भाड्याच्या खालोखालचा खर्च हाच होतो. जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही, आणि उलट सरकारच मुलामागे महिन्याला किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा भत्ता देतं, २०२५ मध्ये २५५ युरो होतं. म्हणजे त्या वर्षी दोन मुलांचे ५१० युरो दर महिन्याला खात्यात. पाळणाघराचं मात्र राज्याप्रमाणे बदलतं, बर्लिनमध्ये २०१८ पासून फी नाही, जेवणाचे थोडे पैसे, दुसरीकडे पगारानुसार फी लागते, आणि जागा मिळायला वाट बघावी लागते ती सगळीकडेच.

पण थांबा, इथे नुसते पैसे बघून चालणार नाही. मूल बालवाडीत असेल तर वर्षभरात आपल्यापेक्षा छान जर्मन बोलायला लागतं. तेच मूल आठवी-नववीत असेल, ठाण्यात सीबीएसईला चांगले मार्क मिळवत असेल आणि तुम्ही त्याला उचलून जर्मन शाळेत बसवलंत तर गणित येत असून गणिताचा प्रश्न वाचता येत नाही अशी अवस्था होते, आणि तिथे पुढची शाळा कुठली हे लवकर ठरतं. मग लोक इंटरनॅशनल शाळेकडे वळतात आणि तिथली फी बघितली की दुबई स्वस्त वाटायला लागते. म्हणून मोठी मुलं असलेल्यांना मी दुबईच सांगेन, फी भरा पण एप्रिलमध्ये तोच अभ्यासक्रम पुढे चालू राहतो आणि परत आलात तरी इथल्या शाळेत घेतात. हे मी पैशांच्या हिशोबात लिहितेय कारण मुलाचं एक वर्ष वाया जाणं हा पण खर्चच आहे.

दवाखान्याचं पटकन सांगते. दुबईत तुमचा इन्शुरन्स कंपनी देते, बायको-मुलांचा द्यायला ती बांधील नाही, तो तुम्ही काढायचा, आणि साध्या प्लॅनमध्ये दर भेटीला काही टक्के खिशातून जातात. जर्मनीत सरकारी इन्शुरन्समध्ये न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, हॉस्पिटलला दिवसाला १० युरो, ते पण वर्षाला २८ दिवसांपर्यंतच, मुलांना काहीच नाही. बाळंतपण होणार असेल तर जर्मनीला तोड नाही. स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळायला आठवडे जातात हे खरं आहे, आपल्याकडे नौपाड्यात संध्याकाळी नंबर लावून रात्री डॉक्टरला भेटायची सवय असते त्यामुळे सुरुवातीला फार त्रास होतो.

खाणं-पिणं. दुबईत करामा, बर दुबई भागात पोहे, तूरडाळ, कढीपत्ता, गणपतीत मोदकाचं पीठ, सगळं मिळतं, आणि पोळ्या करायला, साफसफाईला तासावर बाई पण मिळते. जर्मनीत दूध, अंडी, बटाटे, पास्ता स्वस्त, भारतीय दुकानातली भेंडी आणि कोथिंबीर महाग. कामाला बाई हा विषयच सोडा, किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे, त्यामुळे वहिनी आणि दादा मिळून सगळं करतात. जांभळी नाक्यावरून मसाले, भाजणी, पापड भरून न्यायचे, तेवढं वजन बॅगेत राखून ठेवायचं.

प्रवासाला जर्मनीत महिन्याच्या एका तिकिटात देशभर लोकल ट्रेन, बस, ट्राम, २०२६ मध्ये ६३ युरो. गाडीची गरज पडत नाही. दुबईत मेट्रो चांगली आहे, सगळ्या झोनचा पास ३५० दिरहम, पण मुलं, उन्हाळा आणि लांबची शाळा म्हटलं की गाडी लागतेच, आणि आपलं लायसन्स तिथे चालत नाही, शिकून परीक्षा द्यावी लागते आणि त्यात काही हजार दिरहम जातात.

ठाण्याकडचा खर्च लोक धरतच नाहीत. फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, जास्त घेत असतील तर विचारा. तुम्ही एनआरआय झालात की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, म्हणजे ३०,००० भाडं असेल तर हातात २०,६४०, बाकीचे इथे रिटर्न भरून मागायचे. ईएमआय त्या भाड्यावर अवलंबून असेल तर गणित चुकतं. जुनं सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयचं इथल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्या, बाहेरचे पैसे एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) मध्ये टाका, त्याच्या व्याजावर इथे टॅक्स नाही. आणि आई-वडील. दोन्हीकडे त्यांचा मेडिक्लेम इथेच चालू ठेवायचा. पण रात्री फोन आला तर दुबईहून तीन तासांची फ्लाइट आहे, सकाळी ठाण्यात पोचता येतं, जर्मनीहून आठ-नऊ तास आणि शेवटच्या क्षणीचं तिकीट. एकुलता एक मुलगा किंवा मुलगी असाल तर वर्षाला अशा एका तिकिटाचे पैसे बजेटमध्ये वेगळे काढाच.

मग कुणी कुठे जावं? मुलं नाहीत किंवा मोठी आहेत, तीन-चार वर्षं कमवून फ्लॅटचं कर्ज फेडायचं आहे, तर दुबई, मात्र सुरुवातीला निदान ३५-४० हजार दिरहम तयार हवेत. मुलं सात वर्षांच्या आतली आहेत, दोघांनी जर्मन शिकायची तयारी आहे आणि लांबचा विचार आहे, तर जर्मनी, कारण ब्लू कार्डवर (शिकलेल्या नोकरदारांना मिळणारा तिथला परवाना) बी१ लेव्हलचं, म्हणजे रोजचं बोलणं जमेल एवढं जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो, बायकोला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते आणि ६० महिने पेन्शनचे हप्ते भरले की म्हातारपणी तिथली पेन्शन लागू होते. दुबईत नोकरी गेली की व्हिसाचं घड्याळ चालू होतं, ती भीती कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही, पण आम्ही ती रोज अनुभवलीये.

सही करण्याआधी एचआरला हे लेखी विचारा. दुबईसाठी: बेसिक किती आहे, कारण सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यामुळे एकूण पगार मोठा आणि बेसिक छोटा असेल तर ती कमी बसते. बायको-मुलांचा व्हिसा आणि इन्शुरन्स कोण देणार, शाळेची फी आणि वर्षाचं तिकीट मिळणार का, भाड्यासाठी ॲडव्हान्स मिळेल का. जर्मनीसाठी: पहिले तीन महिने राहायला घर देणार का, सामान हलवायचा खर्च, आणि जर्मनचा क्लास, तो बायकोसाठी पण.